नांव ठेवणें आणि नांवें ठेवणें

आपल्या भाषेंत बाराव्या दिवशीं मुलाचें नांव ठेवतात, आणि तेंच मूल मोठें झालें कीं जग त्याला नांवें ठेवूं लागतें. लिहितांना फरक एका मात्रेचा व एका टिंबाचा. अर्थांत मात्र जमीन-अस्मानाचें अंतर. व्यक्तीच्या बाबतींत हीं दोन कामें निदान वेगवेगळीं माणसें करितात. संबंध जमातीच्या बाबतींत पुष्कळदां दोन्ही कामें एकच माणूस एकाच शब्दानें उरकून टाकतो, आणि तो माणूस म्हणजे शेजारी. हा विचार आम्हांस ग्रंथ चाळतांना सुचला नाहीं. सेवानिवृत्तीनंतर वैद्यांनीं चालण्याचा व्यायाम सांगितला म्हणून बोरिवलीपासून मरोळपर्यंतच्या रानपट्ट्यांत आम्हीं ज्या पायीं फेऱ्या केल्या, त्यांत तो सुचला. त्या फेऱ्यांतील कांहीं हकीकत वाचकांस सादर करीत आहों.

उपनगरांत राहणाऱ्या आपल्यासारख्या मंडळींचा भूगोल आगगाडीच्या रुळांनीं आंखलेला असतो. पश्चिमेकडील रुळांवर अंधेरी, गोरेगांव, बोरिवली. पूर्वेकडील रुळांवर घाटकोपर, भांडुप, मुलुंड. बोरिवलीच्या गृहस्थाला मुलुंडच्या आप्ताकडे मुंजीला जावयाचें झालें तर तो बिचारा दादरचा वळसा घालतो, आणि या दोन रुळांच्या मधें काय आहे याचा त्याला कधीं प्रश्न पडत नाहीं. मधें डोंगर आहे. सुमारें १०४ चौरस किलोमीटरांचें राष्ट्रीय उद्यान, त्याच्या पोटांत विहार व तुळशी हे दोन तलाव, आणि दक्षिणेला लागून आरेचें रान. एवढ्या प्रचंड शहराच्या कुशींत एवढी झाडी आणि तींत मोकळा हिंडणारा बिबट्या, हें दृश्य जगांत फारच थोड्या ठिकाणीं पाहावयास मिळेल.

या डोंगरांत आपली मंडळी जातात तीं कान्हेरीचीं लेणीं पाहावयास. कान्हेरी हें नांव मूळचें ‘कण्हगिरि’, संस्कृतांत कृष्णगिरि, म्हणजे काळा डोंगर. काळ्या दगडाच्या डोंगराला शोभेल असेंच. शंभराहून अधिक गुंफा आणि त्यांतील ब्राह्मी लेख वाचतांना जुन्या अक्षरांची गोडी असलेल्या माणसाचा दिवस कसा निघून जातो तें समजत नाहीं. कल्याणचे व्यापारी, सोपाऱ्याचे गृहस्थ, भिक्षु, भिक्षुणी, कोणी पाण्याचें टांकें दिलें, कोणी गुंफा खोदविली, सर्वांचीं नांवें दगडावर आहेत. पण ज्या रानांत हीं लेणीं खोदलीं त्या रानांत लांकूड तोडणारा, मध काढणारा, वाट दाखविणारा कोणी असेलच कीं नाहीं? त्याचें नांव दगडावर नाहीं. दान दिल्यावांचून नांव कोरलें जात नाहीं, आणि ज्याच्यापाशीं रानच आहे तो दान तें कशाचें देणार!

लेण्यांकडे जाणाऱ्या डांबरी सडकेच्या दोहों बाजूंस, झाडांच्या आड, पाडे आहेत. चिंचपाडा, नवपाडा, रावणपाडा, तुमनीपाडा. दक्षिणेस आरेंत खांबाचा पाडा, नवशाचा पाडा, दामूपाडा, केलटीपाडा, असे पंचवीस-तीस. मुलुंड-भांडुपच्या अंगाला खिंडीपाडा. यांतलीं बरींचशीं नांवें अगदीं सरळ आहेत. चिंच होती म्हणून चिंचपाडा, खिंड होती म्हणून खिंडीपाडा, दामू नांवाचा कोणी राहत होता म्हणून दामूपाडा. हीं नांवें तेथल्यांनींच ठेवलेलीं, म्हणून त्यांत नांवें ठेवणें नाहीं. पाड्यांवर राहणाऱ्या माणसांच्या नांवांकडे वळलें कीं प्रकरण गुंतागुंतीचें होतें.

वारली, मल्हार कोळी, महादेव कोळी, कोकणा, काथोडी, दुबळा. सहा जमाती, सहा नांवें. ‘वारली’ची व्युत्पत्ति ‘वारल’ या शब्दापासून सांगतात. वारल म्हणजे रानांत नांगराखालीं आणलेला जमिनीचा लहानसा तुकडा. म्हणजे हे तुकडेकरी. ‘काथोडी’ अथवा ‘कातकरी’ हें नांव तर उघड आहे. खैराच्या लांकडापासून कात काढणारे ते काथोडी. आपल्या घरांतील पानाच्या तबकांत जो कात पिढ्यान्‌पिढ्या होता तो यांच्या हातचा. पुढें १८७८ च्या कायद्यानें सरकारी रानांवर पहारे बसले, खैर तोडणें गुन्हा झाला, आणि कात काढणारा कोळसा पाडूं लागला, नंतर वीटभट्टीवर गेला. धंदा सुटला, नांव सुटलें नाहीं. धंद्यावरून नांव ठेवण्यांत हा धोका असतो.

परंतु ‘दुबळा’ या नांवापाशीं आमची पावलें खरोखरच अडखळलीं. या शब्दाची दुसरी कांहीं उत्पत्ति कोणी विद्वान्‌ सांगेलही. पण मराठी किंवा गुजराती कानाला तो शब्द एकच गोष्ट सांगतो : दुर्बल. एक संबंध जमात, लेंकरांबाळांसह, पिढ्यान्‌पिढ्या, दुबळी! हें नांव कोणी आईबापांनीं पाळण्याजवळ उभें राहून ठेवलें असेल काय? दक्षिण गुजरातेंत हे लोक सावकार-जमीनदारांच्या शेतांवर ‘हाळी’ म्हणून बांधलेले असत. लग्नासाठीं कर्ज काढावें आणि तें फेडतां फेडतां जन्म संपावा, अशी ती रीत. डहाणू-तलासरीच्या वारल्यांत याच प्रकाराला ‘लग्नगडी’ म्हणत. १९४५ च्या सुमारास गोदावरीबाई परुळेकर यांनीं तेथें जाऊन ती वेठ मोडून काढण्यास वारल्यांस उभें केलें, हें ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हें त्यांचें पुस्तक ज्यांनीं वाचलें आहे त्यांस ठाऊक आहे. गुजरातेंत गांधीजींच्या विचाराच्या कार्यकर्त्यांनीं दुबळ्यांस ‘हळपती’ म्हणावें असा परिपाठ पाडला. हेतु थोर होता यांत संशय नाहीं. पण संस्कृत शिकलेल्या माणसाची खोड अशी कीं समास दिसला कीं तो सोडवूं लागतो. हलपति म्हणजे हलस्य पतिः, नांगराचा धनी. ज्याच्यापाशीं स्वतःचा नांगर कधींच नव्हता, जो दुसऱ्याच्या नांगरामागें जन्मभर चालला, त्याला आपण नांगराचा धनी म्हटलें. गौरव झाला खरा. नांगर मिळाला कीं नाहीं तें समासांत येत नाहीं. आज सरकारी यादींत ‘दुबळा, तलाविया, हळपती’ अशीं तिन्ही नांवें एका ओळींत नांदतात.

ही सरकारी यादी एकदां तरी वाचण्याजोगी आहे. तींत ‘ठाकर’ आहेत, आणि त्यांच्यापुढें ‘क ठाकर’ व ‘म ठाकर’ असे दोन पोटभेद आहेत. माणसांस बाराखडीचीं अक्षरें लावलेलीं आम्हीं शाळेच्या तुकड्यांखेरीज येथेंच पाहिलीं. तींत ‘कोळी महादेव’ आहे, ‘कोळी मल्हार’ आहे, पण नुसता ‘कोळी’ नाहीं. म्हणून जातीच्या रकान्यांत शाळेच्या कारकुनानें आजोबांच्या वेळीं घाईनें नुसतें ‘कोळी’ लिहिलें असलें, तर नातवाला दाखला मिळण्याची मारामार. दाखल्यासाठीं १९५० सालापूर्वींचा पुरावा मागतात. ज्या आजोबांनीं शाळाच पाहिली नाहीं त्यांचा शाळेंतला पुरावा कोठून आणावा? आम्हीं चाळीस वर्षें मुलांस शुद्धलेखन शिकविलें. एका शब्दाच्या उणिवेनें शिष्यवृत्ति, वसतिगृह आणि नोकरी अडते हें शुद्धलेखनाचें महत्त्व मात्र कोणत्याही पाठ्यपुस्तकांत नव्हतें.

आतां भाषेकडे येतों. आरेच्या एका पाड्यावर एका वृद्ध वारली बाईंच्या ओट्यावर आम्ही अधूनमधून टेकत असूं. बाई सत्तरीच्या पलीकडच्या. आम्हांस ‘गुरुजी’ म्हणत, आणि आम्ही त्यांस ‘आजी’ म्हणूं लागलों, वयांत फारसें अंतर नसतांही. सुनेशीं त्यांचें बोलणें चाले तें आम्हांस निम्में कळे. क्रियापदें ऐकून मराठी वाटावें, मधेंच गुजरातीचा हेल यावा, आणि तिसरेंच कांहीं असावें जें दोहोंतही बसत नाहीं. आम्हीं एकदां विचारलें, “आजी, ही तुमची भाषा कोणती?” बाईंनीं आमच्याकडे असें पाहिलें कीं जणूं आम्हीं त्यांस श्वासाचें नांव विचारलें. मग म्हणाल्या कीं ही आपली घरची बोली. तिला ‘वारली’ म्हणतात तें तुम्ही बाहेरचे लोक. शाळेंतल्या बाई मात्र मुलांस सांगतात कीं ही ‘अशुद्ध मराठी’ आहे, ती टाकून द्या.

‘अशुद्ध’ आणि ‘मोडकी’ हीं दोन विशेषणें आम्हीं शिक्षकांनीं फार सढळ हातानें वापरलीं आहेत. म्हणून त्या ओट्यावर ऐकलेला एक शब्द येथें मुद्दाम नमूद करतों. वारल्यांच्या घरीं लग्न लावण्याचा मान भटाला नसतो. तो एका बाईला असतो, आणि तिला ‘धवलेरी’ म्हणतात. ती लग्नाचीं गाणीं म्हणते आणि तिच्या गाण्यांवांचून लग्न लागत नाहीं. हा शब्द ऐकतांच आमच्या अंगावर कांटा उभा राहिला. कारण मराठी वाङ्मयाच्या इतिहासांत ज्यांना आद्य कवयित्री म्हणतात त्या महानुभाव पंथाच्या महदंबेनें तेराव्या शतकांत जीं विवाहगीतें रचलीं त्यांचें नांवच मुळीं ‘धवळे’. आपल्या घरांतून हा शब्द केव्हांच गेला. आपण मंगलाष्टकें म्हणूं लागलों, तींही आतां ध्वनिक्षेपकावर. ‘धवळे’ म्हणजे काय हें आमच्या सुनबाईंस विचारलें तर त्यांस तें कोणाचें आडनांव वाटलें. महाविद्यालयांत पदवीसाठीं जो शब्द टीपेसह वाचावा लागतो, तो आरेच्या पाड्यावर दर लगीनसराईंत जिवंत असतो. तेव्हां मोडकी कोणाची, आणि मोडली कोणी, हें ठरविण्याआधीं थोडें थांबावें हें बरें.

थांबण्याचें दुसरेंही कारण आहे. विद्वानांचें आपसांत एकमत नाहीं. जॉर्ज ग्रीअर्सन यांनीं हिंदुस्थानच्या भाषांची जी प्रचंड पाहणी केली तिच्या सातव्या खंडांत, म्हणजे १९०५ सालीं, वारली आणि कातकरी यांच्या बोली मराठीच्या पोटांत घातल्या. हल्लींच्या खानेसुमारींत पाहावें तर वारली मराठीखालीं नाहींच. ती कोकणा बोलीसह ‘भिली’ या मथळ्याखालीं बसविलेली आहे. आजी होत्या तेथेंच आहेत, ओटाही तोच, शब्दही तेच. पण कागदावर त्यांचें घर एकदां मराठींत आणि एकदां भिलींत. २०११ च्या खानेसुमारींत लोकांनीं स्वतःच्या मातृभाषांचीं जीं नांवें सांगितलीं त्यांची संख्या १९,५६९ भरली. ती चाळून, सारखीं एकत्र करून १,३६९ केली, आणि त्यांना गटांत घालून अखेर १२१ भाषा जाहीर केल्या. एवढ्या मोठ्या देशाची मोजदाद करावयाची तर चाळण लागणारच, हें आम्ही जाणतों. पण चाळणींतून काय खालीं पडतें हें ज्याचें पडतें त्यालाच कळतें.

आम्हीं अखेरचीं वर्षें जेथें काढलीं त्या शाळेंत प्रवेशाच्या अर्जावर ‘मातृभाषा’ असा रकाना होता. पाड्यांवरून येणाऱ्या मुलांच्या अर्जांत तो कारकून न विचारतां ‘मराठी’ या शब्दानें भरून टाकी. त्याला विचारलें तर तो म्हणे, “दुसरें काय लिहूं, साहेब? संगणकाच्या यादींत तें नांवच नाहीं.” त्याचें म्हणणें खरें होतें, यादी त्यानें केली नव्हती.

असा प्रकार केवळ आपल्याकडेच घडतो असें नाहीं. युरोपाच्या अगदीं उत्तरेस, जेथें हिंवाळ्यांत सूर्य उगवत नाहीं तेथें, नॉर्वे, स्वीडन, फिनलंड आणि रशिया या चार राज्यांत वांटली गेलेली एक प्राचीन जमात आहे. रेनडिअर नांवाच्या हरणांचे कळप राखणारे म्हणून त्यांची चित्रें भूगोलाच्या पुस्तकांत असत, आणि खालीं लिहिलेलें असे : ‘लॅप लोक’. आम्हींही लहानपणीं तेंच पाठ केलें. ते स्वतःस ‘सामी’ म्हणवितात. ‘लाप’ हें नांव शेजाऱ्यांचें. फिनिश लोक त्यांस ‘लाप्पालाइनेन’ म्हणत, रशियन ‘लोपार’, स्वीडिश ‘लाप’. स्वीडिश भाषेंत याच उच्चाराच्या शब्दाचा अर्थ कापडाचें ठिगळ असा होतो. जमातीचें नांव त्यावरूनच आलें कीं काय यावर पंडितांचा वाद आहे. पण ज्याला रोज त्या नांवानें हांक मारली जाते त्याच्या कानाला ठिगळच ऐकूं येणार. आमच्या दुबळ्यांसारखेंच हें. आणि शेजाऱ्यांनीं एका नांवाखालीं जी ‘लापांची भाषा’ म्हणून गोळा केली ती एक नाहीं. त्या नऊ-दहा आहेत, आणि एका टोंकाच्या सामी माणसाला दुसऱ्या टोंकाच्या सामी माणसाचें बोलणें समजत नाहीं. त्यांतल्या कांहीं तर आतां मूठभर तोंडांतच उरल्या आहेत.

त्यांचें नांव बदललें कसें, हें आम्हांस विशेष वाटतें. व्याकरणकारांनीं ठरविल्यानें तें बदललें नाहीं. नॉर्वेंत आल्टा नदीवर वीज काढण्यासाठीं धरण बांधण्याचें ठरलें तेव्हां १९७९ पासून सामी लोकांनीं त्याला विरोध केला, राजधानींत संसदेसमोर उपोषणें केलीं. १९८१ च्या जानेवारींत शेंकडों पोलीस पाठवून वाट मोकळी करविली गेली. धरण झालेंच. पण त्या गोंगाटांत देशाला प्रथमच कळलें कीं हे कोण, आणि यांना काय म्हणावें. १९८९ सालीं तेथें सामींची स्वतःची निर्वाचित सभा भरली. तिच्या नांवांत ‘लाप’ हा शब्द नाहीं. फिनलंड व स्वीडनांतही पुढें अशा सभा झाल्या.

आमच्या डोंगरावरही असा एक प्रसंग येऊन गेला आहे. आरेची जागा १९४९ नंतर दुधाच्या वसाहतीसाठीं घेतली गेली आणि १९५१ सालीं पंडित नेहरूंच्या हस्तें तिचें उद्‌घाटन झालें. तेव्हांपासून कागदोपत्रीं ती ‘दुग्धवसाहत’. तेथें झाडें होतीं, बिबटे होते, पाडे होते. पण कागदावर गायीम्हशींचे गोठे. भुयारी रेल्वेच्या गाड्या ठेवण्याची आगार-जागा आरेंत करण्याचें ठरलें, तेव्हां प्रजापूरपाड्यावरचीं घरें उठविलीं गेलीं, आणि मग प्रश्न निघाला तो नांवाचाच : आरेला ‘वन’ म्हणावयाचें कीं नाहीं? ४ ऑक्टोबर २०१९ रोजीं उच्च न्यायालयानें तें वन आहे असें जाहीर करण्याची मागणी फेटाळली. त्याच रात्रीं विजेच्या दिव्यांत करवती चालूं झाल्या, आणि ७ तारखेस सर्वोच्च न्यायालयानें थांबवीपर्यंत दोन हजारांहून अधिक झाडें आडवीं झालीं होतीं. २०२१ सालीं आरेची ८१२ एकर जागा राखीव वन म्हणून जाहीर झाली. आगार-जागा मात्र फिरून आरेंतच गेली, आणि २०२४ च्या ऑक्टोबरांत तेथून गाड्या धांवूं लागल्या. त्या गाडींतून आम्हींही प्रवास केला आहे. गाडी थंडगार व वेळेवर असते, आणि दादरचा वळसा ज्यांना जन्मभर घालावा लागला त्यांनीं तिला सरसकट नांवें ठेवणें शोभणार नाहीं. परंतु रानाला रान म्हणावें कीं नाहीं हें ठरवितांना जे त्या रानांत राहतात त्यांस कोणी आधीं विचारलें असतें, तर त्यांनीं कोणत्या झाडाखालीं कोणता देव बसतो तेंही सांगितलें असतें.

त्या देवांत मुख्य वाघोबा. शेंदूर लावलेला दगड, त्यावर वाघ, आणि कांहीं ठिकाणीं वर सूर्यचंद्र. आश्विन वद्य द्वादशीला आपल्या घरीं वसुबारस असते. सवाष्णी सवत्स धेनूची पूजा करितात, गव्हाचे पदार्थ वर्ज्य करितात. त्याच तिथीला पाड्यांवर ‘वाघबारस’ असते. आपण गायीला पूजतों, ते गायीला खाणाऱ्याला पूजतात! आमच्या नातवाला हें मोठें विपरीत वाटलें. तो आजींस म्हणाला, “वाघ तर गाय मारतो, मग त्याची पूजा कशाला?” आजींनीं उत्तर दिलें तें असें कीं, गाय आपली आहे, तिला सांगावें लागत नाहीं; ज्याच्यापासून भय आहे त्यालाच विनवावें लागतें. आणि बिबट्याचा उल्लेख करतांना त्यांनीं एकदांही ‘जनावर’ शब्द उच्चारला नाहीं. वर्तमानपत्रांत ज्याला ‘नरभक्षक’ म्हणतात त्याला ज्यांच्या अंगणांतून तो रात्रीं जातो ते लोक आदरानें ‘वाघोबा’ म्हणतात. नांव ठेवण्यांतही शील असतें.

मग या सर्व जमातींस मिळून काय म्हणावें? ‘आदिवासी’ हा शब्द ऐकण्यास जुना वाटतो, पण तो फार जुना नाहीं. विसाव्या शतकांत, विशेषतः १९३८ सालीं छोटानागपुरांत स्थापन झालेल्या आदिवासी महासभेपासून व ठक्करबाप्पांसारख्यांच्या कार्यामुळें तो रूढ झाला. मुंबई विश्वविद्यालयांतील समाजशास्त्राचे आचार्य डॉ. घुर्ये यांनीं १९४३ सालच्या आपल्या ग्रंथांत या लोकांस निराळें न मानतां ‘मागासलेले हिंदू’ म्हणावें असें प्रतिपादिलें. घटनासमितींत जयपालसिंग मुंडा यांनीं ‘बनजाति’ या शब्दास हरकत घेतली आणि ‘आदिवासी’ हाच हवा असा आग्रह धरला. ‘अनुसूचित जमाती’ हें घटनेंतलें नांव तर शुद्ध कचेरीचें आहे. अनुसूचि म्हणजे यादी, तेव्हां अर्थ एवढाच कीं यादींतले लोक. ‘आदिवासी’ या शब्दावर आमचा व्याकरणाचा आक्षेप नाहीं, आणि तो ज्यांच्यासाठीं योजला त्यांनीं तो आपलासा केला आहे, एवढें आम्हांस पुरे आहे. ‘वनवासी’ म्हणणारेही पुष्कळ आहेत. आमच्या कानाला मात्र वनवास हा शब्द रामचंद्रांच्या चौदा वर्षांशीं जडलेला आहे. तो संपतो आणि माणूस घरीं परत येतो. हे तर घरींच आहेत.

स्वतःचें नांव स्वतः ठेवण्याचें एक उदाहरण याच उपनगरांत आहे. मरोळ, अंधेरी, कुर्ले, गोराई येथें पोर्तुगीजांच्या काळापासून ख्रिस्ती झालेली कोळी, आगरी, कुणबी वगैरे मूळची मंडळी आहेत; घरांत मराठीचीच एक गोड बोली बोलतात. गोव्याकडील ख्रिस्ती मुंबईंत नोकऱ्यांस येऊं लागल्यावर आपण निराळे आहों हें दाखविण्याकरितां १८८७ सालीं, राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या पन्नासाव्या वर्षाचा मुहूर्त साधून, त्यांनीं ‘ईस्ट इंडियन’ हें नांव धारण केलें. कंपनी सरकारचें नांव, तेंही कंपनी बुडाल्यावर, आणि राहणार पश्चिम किनाऱ्यावर! भूगोलाच्या शिक्षकाला हसूं येईल. पण तें त्यांनीं स्वतः निवडलें, म्हणून तें त्यांना चिकटलें आणि अभिमानाचें झालें. आपलींही ‘कोकणस्थ’, ‘देशस्थ’, ‘कऱ्हाडे’ हीं नांवें गांवप्रदेशावरूनच पडलेलीं. आणि सह्याद्रीवरून उतरून पोटासाठीं आलेल्या कष्टकऱ्याला याच शहरानें ‘घाटी’ म्हटलें, तें कोणत्या सुरांत म्हटलें जातें तें घाटकोपरच्या कोणत्याही चाळींत ऐकूं येतें.

राहतां राहिलें ‘वारली’ या शब्दाचें सध्यांचें भाग्य. वारल्यांच्या बायका लग्नघरीं भिंतीवर तांदळाच्या पिठानें जो ‘चौक’ लिहितात तो १९७० नंतर शहरांत कागदावर आला. डहाणूकडील गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनीं त्याला जगांत नेलें, त्यांस २०११ सालीं पद्मश्री मिळाली, आणि २०१८ सालीं ते निवर्तले. आज बोरिवलीच्या दुकानांत ‘वारली दाखवा’ म्हटलें कीं दुकानदार साड्या, पडदे, चहाचे पेले पुढें मांडतो. आमच्याच घरांत एक ‘वारली’ साडी आहे. ती नेसून सुनबाई एकदां आमच्याबरोबर आजींकडे आल्या. आजींनीं पदर हातांत घेऊन निरखला, तारपा वाजविणारा कोठें आहे तें बोटानें दाखविलें, आणि विचारलें कीं हा चौक कोणाच्या लग्नाचा? सुनबाईंस उत्तर देतां आलें नाहीं. आजींनीं पुन्हा एकदां पाहिलें आणि म्हणाल्या कीं यांत देवीच नाहीं. चौकाच्या मधोमध पालघट देवी असावी लागते. ती लिहिल्याशिवाय लग्नच लागत नाहीं. मग सुनेला हांक मारून त्यांनीं चहा ठेवावयास सांगितला.

ज्या वाचकांस वाघबारस पाहावयाची असेल त्यांनीं गोरेगांवच्या पूर्वेकडून आरेंतून मरोळला जाणारी बस धरावी. राष्ट्रीय उद्यानांतून जावयाचें असल्यास सोमवार वर्ज्य करावा, कारण त्या दिवशीं दरवाजे बंद असतात. पाड्यावर जातांना आधीं कोणाला तरी विचारून जावें. तीं माणसांचीं घरें आहेत, प्रदर्शन नव्हे. नारळ न्यावा. छायाचित्रें काढण्यापूर्वीं परवानगी घ्यावी, आणि ज्यांचें छायाचित्र काढाल त्यांचें नांव विचारून तें त्यांच्या उच्चारानें लिहून घ्यावें. परत निघावयाचें तें उजेड असतांना. दिवेलागणीनंतर ती वाट वाघोबाची असते.